तर्जनीवरची गाठ: बागकामात हात जपण्याविषयी एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना बागेत सगळे काकू म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. हे लिहायला त्यांची परवानगी आहे, किंबहुना आग्रहच आहे.

काकूंचं वय साठीच्या आसपास. एका सामाईक बागेतले गुलाबाचे वाफे आणि कुंड्या त्यांच्याकडे होत्या. छाटणी, डोळे भरणं (हव्या जातीच्या गुलाबाची कळी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवणं), गुटी बांधणं (फांदीलाच मुळं फोडून नवं रोप करणं), खुंटावरचे रानफुटवे काढणं ही सगळी कामं त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी करत आल्या होत्या. बागेच्या कामाचं नियोजन माझ्याकडे असल्यामुळे हे प्रकरण मी सुरुवातीपासून जवळून पाहिलं, आणि डॉक्टरांकडच्या काही भेटींनाही त्यांच्यासोबत होते.

तब्येत तशी ठणठणीत. थायरॉईडची रोजची गोळी, कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन आणि आम्लपित्तासाठी आणखी एक गोळी, एवढंच. पुढे या तिन्ही गोळ्यांचा संबंध आला, म्हणून आधीच नोंदवते.

काकूंकडे हातमोजे नव्हते असं मुळीच नाही. तीन जोड होते. एक सुती, तळव्याला रबरी ठिपके असलेला. त्याची तर्जनी आणि अंगठा झिजून जाळीसारखा झाला होता. दुसरा भांडी घासायला वापरतात तसा पातळ रबरी. तिसरा जाड चामड्याचा. तो एकदा भिजून उन्हात वाळल्यावर इतका कडक झाला होता, की बोटं वाकवायलाच जोर लागायचा. तो बहुतेक वेळ अवजारांच्या पेटीत तळाशी असे.

हातमोजे असूनही हात उघडे का पडत होते, हे समजायला रानफुटवे काढण्याचं काम नीट पाहावं लागेल. कलमी गुलाबाला डोळ्याच्या खालून, खुंटाचाच फुटवा येतो. तो कात्रीने कापला तर बुडात उरलेल्या भागातून पुन्हा जोमाने फुटतो. म्हणून माती बाजूला सारून, फुटवा नेमका जिथून निघाला आहे तिथपर्यंत बोट नेऊन, तो खाली ओढून मुळापासून उपटावा लागतो. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते. जाड चामड्यातून ती कळत नाही. त्यामुळे काकू छाटणी हातमोजे घालून करत आणि फुटव्यांशी आल्या की उजव्या हाताचा मोजा काढून गुडघ्याखाली दाबून ठेवत. गुटी बांधतानाही तेच. फांदीची साल गोल काढायची, त्याभोवती ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, दाबून बसवायचं, वर प्लास्टिक गुंडाळून सुतळी आवळायची. हे काम मोजे घालून करणारं कुणी मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणजे सर्वांत जास्त काटे, ओली माती आणि मॉस ज्या कामांत होतं, नेमक्या त्याच कामांत हात उघडा होता.

समस्या

छाटणीच्या हंगामात काकूंना काटे टोचलेच होते. एक काटा उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर, मागच्या बाजूने खोल गेला होता. त्यांनी तो नखाने काढला, हात मातीच्या पाण्यातच खळबळून घेतला आणि काम पुरं केलं. त्याच आठवड्यात गुट्याही बांधल्या.

साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी हरभऱ्याएवढी गुलाबी गाठ आली. दुखत नव्हती, ताप नव्हता. काट्याचा तुकडा आत राहिला असावा असं समजून त्यांनी सुईने टोकरून पाहिलं. आत काही सापडलं नाही, थोडं पाणी आलं. मग गाठीचं तोंड उघडलं आणि तिथे एक छोटा व्रण झाला. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची.

काकूंनी काही दिवस जंतुनाशक मलम लावलं आणि वाट पाहिली. मग त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. काटा टोचलेल्या बोटावर पाणी येणारी जखम दिसली तर जिवाणूंचा संसर्ग हीच सर्वांत जास्त शक्यता असते. गोळ्या संपल्या, व्रण तसाच. दुसरं प्रतिजैविक सुरू झालं. ते चालू असताना मनगटाच्या थोडं वर दुसरी गाठ आली आणि काही दिवसांनी कोपराच्या दिशेने तिसरी. तिन्ही गाठी एका रेषेत. रेषेवरून बोट फिरवलं तर कातडीखाली दोरा ओवल्यासारखी एक ताठ शीर लागायची.

पहिला निर्णय: पुढचं औषध की पुढचा प्रश्न?

दुसऱ्या प्रतिजैविकानेही फरक पडेना, तेव्हा काकूंसमोर दोन रस्ते होते. तिसरं, आणखी जोरदार प्रतिजैविक घेऊन बघायचं. किंवा थांबून, हे नक्की काय आहे ते शोधायचं. घरच्यांचा कल पहिल्याकडे होता. मुलगा म्हणाला, "आई, एवढीशी गाठ आहे, तिच्यासाठी मोठ्या डॉक्टरांकडे कशाला?" काकूंनाही ते पटत होतं, कारण दुखत नव्हतं.

खरं तर न दुखणं हाच इथला महत्त्वाचा धागा होता. जिवाणूंमुळे पिकलेलं बोट ठणकतं, लाल होतं, गरम लागतं, आणि एक तर औषधाने बसतं किंवा झपाट्याने चिघळतं. आठवडेच्या आठवडे न दुखता राहणारी आणि हळूहळू हातावर वर सरकत जाणारी गाठ त्या साच्यात बसत नाही. एका प्रतिजैविकाने फरक पडला नाही तर दुसरं देऊन पाहणं मी समजू शकते. तिसऱ्याच्या आधी मात्र थांबायलाच हवं होतं आणि सुदैवाने काकू थांबल्या. नेहमीच्या डॉक्टरांनीच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात उजेडात धरून तिन्ही गाठी पाहिल्या, मधल्या रेषेवरून बोट फिरवलं आणि औषधांबद्दल विचारण्याआधी म्हणाल्या, "काकू, तुम्ही या हातांनी दिवसभर काय काय करता?" तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि काकूंनीही आपण होऊन बागेचं सांगितलं नव्हतं. आधीच्या कागदावर फक्त "काटा टोचला" एवढंच होतं. कुठला काटा, कुठल्या मातीत, मॉस हाताळलं का, घरात मांजर आहे का, माशांची टाकी आहे का, असे प्रश्न डॉक्टरांनी एकामागून एक विचारले. मांजर आणि माशांचं ऐकून मला नवल वाटलं होतं, पण त्याला कारण आहे. एका रेषेत वर चढणाऱ्या अशा गाठी काही मोजक्या आजारांत येतात. माशांच्या टाकीच्या पाण्यातून येणारा क्षयाच्या जातकुळीतला एक जिवाणू त्यातला एक. मातीत, मॉसमध्ये, सडक्या पालापाचोळ्यात आणि काट्यांवर राहणारी स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी दुसरी. या बुरशीची लागण ब्राझीलमध्ये मांजरांच्या ओरखड्यांतून मोठ्या प्रमाणावर झालेली आहे.

या आजाराला स्पोरोट्रायकोसिस म्हणतात. बेंजामिन शेंक यांनी 1898 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे त्याचं पहिलं वर्णन केलं. बुरशी बाहेर मातीत धाग्यांच्या रूपात वाढते आणि शरीराच्या उबेत यीस्टसारखं गोल रूप घेते. धडधाकट कातडीतून ती आत जाऊ शकत नाही. तिला काट्याने, कुसळाने किंवा खरचटण्याने केलेली वाट लागते. आत शिरल्यावर ती लसिकावाहिन्यांच्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या) मार्गाने वर सरकते, म्हणून गाठींची रेषा दिसते. टोचल्यापासून पहिली गाठ यायला एक ते बारा आठवडे लागतात. तोवर माणूस तो काटा विसरून गेलेला असतो, आणि निदान लांबण्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरा निर्णय: तुकडा कुठल्या बाटलीत?

संशय असला तरी पुरावा हवा होता. गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायचं ठरलं. बायॉप्सीचा तुकडा नेहमी फॉर्मलिनमध्ये ठेवून पाठवतात. फॉर्मलिनमध्ये पेशी टिकतात, पण बुरशी मरते. मेलेली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दोन तुकडे घेतले. एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा सलाईनच्या निर्जंतुक पाण्यात. दुसऱ्या बाटलीवर बुरशीचं आणि क्षयाच्या जातीच्या जिवाणूंचं, दोन्ही कल्चर करा, म्हणजे वाढवून पाहा, असं ठळक लिहिलं.

फॉर्मलिनच्या तुकड्याचा अहवाल आधी आला. त्यात दीर्घकाळच्या सुजेच्या खुणा होत्या, बुरशी दिसली नाही. ती दिसत नाही असं बरेचदा होतं, कारण तुकड्यात बुरशीच्या पेशी फार थोड्या असतात. केवळ एकच तुकडा, तोही फॉर्मलिनमध्ये गेला असता, तर काकू "बुरशी नाही" असा कागद घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर आल्या असत्या. सलाईनमधल्या तुकड्यातून काही दिवसांनी स्पोरोथ्रिक्स वाढली आणि प्रश्न मिटला.

ज्यांना अशा तपासणीला सामोरं जायचं आहे त्यांनी एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: "डॉक्टर, एक तुकडा कल्चरलाही पाठवणार ना?"

कल्चर येईपर्यंत औषध सुरू करावं की थांबावं, हाही प्रश्न होता. थांबायचं ठरलं. हा आजार निरोगी माणसाच्या कातडीपुरता असला तर सावकाश चालतो, थोड्या दिवसांनी बिघडत नाही, आणि औषध काही महिने घ्यायचं असल्याने खात्री असलेली बरी.

तिसरा निर्णय: कुठलं औषध?

दोन पर्याय होते. पहिला पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. हे फार जुनं औषध आहे, स्वस्त आहे आणि या आजारात चालतं. पण काकूंचं थायरॉईड आधीच नाजूक, आणि आयोडाइडचा थेट परिणाम त्यावरच होतो. तो पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा इट्राकोनॅझोल, हे बुरशीवरचं औषध. साधारण तीन ते सहा महिने, आणि सगळे व्रण पूर्ण भरल्यानंतरही दोन-चार आठवडे. इथे काकूंच्या बाकीच्या गोळ्या आड आल्या. इट्राकोनॅझोल आणि सिम्वास्टॅटिन एकत्र घेता येत नाही. सिम्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. ती गोळी तेवढ्या काळापुरती डॉक्टरांनी बदलली. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल अंगी लागायला पोटात आम्ल लागतं, म्हणून आम्लपित्ताची गोळी थांबवली आणि कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायला सांगितली. यकृताची रक्ततपासणी आधी आणि मधेमधे करायचं ठरलं.

हे सगळं जुळून आलं, कारण काकूंनी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून नेली होती. आम्लपित्ताची गोळी "ती काय, साधी आहे" म्हणून सांगायची राहिली असती तर औषध चालू असूनही पुरतं लागू पडलं नसतं, आणि दोष बुरशीला दिला गेला असता.

चौथा निर्णय: बागेचं काय?

मला सर्वांत जास्त याच भागाबद्दल लिहायचं आहे, कारण आजार गोळीने बरा होणार होता, पण हात पुन्हा त्याच मातीत जाणार होते.

मुलाचं म्हणणं सरळ होतं, "आई, आता गुलाब बास." त्यामागची काळजी कळत होती. पण काकूंना गुलाबांपासून तोडणं हा उपाय मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. इतकी वर्षं ज्या हातांना हे काम येतं, त्यांना घरी बसवण्याआधी काम करण्याची रीत तरी तपासून पाहायला हवी होती.

दुसरा पर्याय, सगळ्या कामांना कोपरापर्यंतचे जाड चामडी हातमोजे. ऐकायला हा सर्वांत सुरक्षित वाटतो. पण काकूंकडे चामड्याचे मोजे आधीही होते आणि ते पेटीच्या तळाशी होते. जो मोजा कामाच्या आड येतो, तो नेमक्या नाजूक कामाच्या वेळी निघतो. आणखी जाड मोजा आणखी लवकर निघाला असता.

तिसरा पर्याय आम्ही दोघींनी वहीत कामांची यादी करून काढला. प्रत्येक कामासमोर दोन गोष्टी लिहिल्या: इथे काटा किती, आणि इथे बोटाला किती कळायला हवं. हे दोन रकाने समोर आले तेव्हा स्पष्ट दिसलं, की एका मोज्याने भागणारच नाही. छाटणीत काटे खूप, पण बोटाला फारसं कळावं लागत नाही. डोळा भरताना बोटाला सगळं कळावं लागतं, पण तिथले काटे आधीच काढता येतात. अडचण फक्त दोन कामांत होती, रानफुटवे आणि गुटी.

या प्रकरणाच्या संदर्भात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचं उदाहरण मला फार उपयोगी वाटलं. 1940 च्या दशकात तिथे सुमारे 3000 खाणकामगारांना हाच आजार झाला. बुरशी खाणीच्या आधाराला लावलेल्या लाकडांवर वाढत होती आणि कामगारांचे हातपाय त्या लाकडांना खरचटत होते. साथ आटोक्यात आली ती लाकडांवर बुरशीनाशक उपचार केल्यावर. अमेरिकेत 1988 मध्ये 15 राज्यांत 84 जणांना लागण झाली, तिचा माग रोपांभोवती बांधलेल्या स्फॅग्नम मॉसपर्यंत गेला. दोन्ही ठिकाणी माणसाच्या हाताइतकंच, हात ज्याला लागतो त्या वस्तूकडे पाहावं लागलं. आमच्या यादीतल्या दोन अवघड कामांचा उलगडा तिथूनच झाला.

काय केलं

छाटणीसाठी कोपराच्या जवळपास जाणारे, मऊ चामड्याचे मोजे घेतले. घेताना काकूंनी प्रत्येक जोड घालून मूठ वळून पाहिली आणि कात्रीची मूठ धरून पाहिली. बोटांची टोकं मोज्याच्या टोकाला टेकली पाहिजेत. पुढे रिकामी जागा उरली तर ती कात्रीत सापडते आणि पकड सैल होते. कामाच्या बऱ्याच हातमोज्यांवर ईएन 388 हे युरोपीय मानक छापलेलं असतं आणि त्याखाली घर्षण, कापणं, फाटणं आणि टोचणं यांचे आकडे असतात. टोचण्याच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ती चाचणी गुलाबाच्या काट्याच्या टोकापेक्षा कितीतरी जाड सळईने करतात. बारीक काटा विणीच्या छिद्रातून आत जातो, तेव्हा विणलेल्या मोज्याचा आकडा चांगला असूनही बोट टोचतंच. अखंड चामडं तिथे जास्त भरवशाचं.

कात्रीला धार लावली. यात हातमोज्यांचा काय संबंध, असं वाटेल. बोथट कात्रीने फांदी चिरडते, ती मोकळी करायला दुसऱ्या हाताने पकडून पिळावी लागते, आणि तिथेच टोचतं. धारदार कात्रीने एका दाबात फांदी गळून पडते. कापलेल्या फांद्या हाताने गोळा करायचं बंद केलं. त्या आता दाताळ्याने ओढून लांब चिमट्याने पाटीत टाकतात. आमच्या निरीक्षणात छाटणीपेक्षा छाटण आवरताना जास्त टोचायचं, कारण तोवर माणूस दमलेला असतो आणि मोजे निघालेले असतात.

रानफुटव्यांची पद्धत बदलली. आधी छोट्या खुरप्याने माती बाजूला करायची. मग पाण्याच्या झारीने ती जागा धुऊन घ्यायची, म्हणजे फुटवा जिथून निघाला तो भाग उघडा पडून दिसतो. जे काम आधी बोटाने चाचपून व्हायचं, ते आता डोळ्यांनी होतं. मग फुटव्याच्या खालच्या वीतभर भागावरचे काटे कात्रीच्या पाठीने घासून पाडायचे. गुलाबाचा काटा सालीतून आलेला असतो, लाकडातून नाही. आडवा दाब दिला की बुडापासून सुटतो. एवढं झाल्यावर फुटवा चामडी मोज्यानेही उपटता येतो. वेळ जास्त लागतो हे खरं. काकूंनी सुरुवातीला कुरकुर केली, नंतर त्यांनीच दुसऱ्यांना शिकवायला घेतलं.

गुटीसाठी मॉसऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायला लागलो. कोकोपीटमध्ये बुरशी नसतेच असं मी म्हणणार नाही. म्हणून तेही उघड्या हाताने हाताळायचं नाही, असं ठरलं. नाजूक गुंडाळणीसाठी अंगाबरोबर बसणारे नायट्राईलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, मोजे आणले. फांदीवरचे काटे आधी काढलेले असल्याने ते पुरतात. काट्यासाठी नायट्राईल कामाचं नाही. ओल्या मातीपासून, खतापासून आणि मॉसपासून मात्र ते कातडी नीट राखतं. सुती मोजा नेमका याच्या उलट. तो मातीचं पाणी शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो.

मध्येच एक अडथळा आला. नायट्राईलचे मोजे वापरायला लागल्यावर काकूंच्या हाताच्या पाठीवर खाज आणि लालसर पुरळ उठलं. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, बुरशी परतली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, की हे त्यातलं नाही. रबरी आणि नायट्राईलच्या मोज्यांत, रबर पक्कं होण्यासाठी घातलेल्या रसायनांची काहींना ॲलर्जी येते. ती ओळखायला पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. पण त्याआधी साधी शक्यता तपासायची होती, घामाची. काकू तासन्‌तास एकच मोजा घालून बसत. आत पातळ सुती मोजा घालून, तो ओलसर झाला की बदलायचा, हात कोरडे करून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा, असं सुरू केलं. पुरळ बसलं. पट्ट्यांची तपासणी करावी लागली नाही.

टोचलंच तर काय करायचं, तेही बागेत लिहून लावलं. काम थांबवायचं, वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, स्वच्छ चिमट्याने काटा काढायचा आणि तारीख कॅलेंडरवर लिहायची. तारखेचा आग्रह माझा. पहिली गाठ कित्येक आठवड्यांनी येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना "बहुतेक मागच्या महिन्यात" यापेक्षा नेमकं काही सांगता आलं पाहिजे. काटा सांध्यावर टोचला असेल आणि तो सांधा सुजला, आखडला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. वनस्पतीच्या काट्याचा तुकडा एक्स-रेत सहसा दिसत नाही. "एक्स-रे स्वच्छ आहे" म्हणजे आत काही नाही असं होत नाही. तिथे सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

परिणाम

औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसला नाही आणि काकू खट्टू झाल्या. नंतर वरच्या दोन गाठी आधी बसल्या, तर्जनीवरचा व्रण सर्वांत शेवटी भरला. एकूण उपचार पाच महिने चालला. यकृताच्या तपासण्या ठीक राहिल्या. तर्जनीच्या मधल्या पेरावर फिकट, किंचित खोलगट वण राहिला आहे. बोट पूर्ण वाकतं. बरं झाल्यानंतर गाठ पुन्हा आलेली नाही.

बुरशी काट्यातून आली की मॉसमधून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही कामं एकाच आठवड्यात झाली होती. मला विचाराल तर काट्याने वाट करून दिली आणि ओल्या मॉसने भर घातली, ही शक्यता सर्वांत जास्त. पण हा अंदाज आहे, आणि म्हणूनच आम्ही दोन्ही बाजू बदलल्या.

बागेतल्या इतरांनाही हा आजार काकूंकडून लागेल का, अशी कुजबुज मधल्या काळात झाली होती. माणसाकडून माणसाकडे तो सहसा जात नाही. हे वेळीच स्पष्ट सांगितलं नसतं, तर काकू औषधापेक्षा त्या नजरांनी जास्त खचल्या असत्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीतच "मी गुलाबांचं काम करते, मॉस हाताळते" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर जायला हवं होतं. तसं झालं असतं तर किमान दुसरं प्रतिजैविक टळण्याची शक्यता होती. बागकाम हा आपल्याला छंद वाटतो, म्हणून तो दवाखान्यात सांगण्यासारखा वाटत नाही. हातांच्या दृष्टीने तो व्यवसायच आहे, आणि तसाच सांगावा.

सुईने गाठ टोकरणं टाळायला हवं होतं. त्याने निदानाला मदत झाली नाही, जखम मात्र उघडी पडली.

हातमोज्यांचा विचार आजारानंतर झाला. तो खरं तर हंगामाच्या आधी, कामांची यादी समोर ठेवून व्हायला हवा होता. झिजलेल्या बोटांचा सुती मोजा आणि कडक झालेला चामडी मोजा हे दोन्ही कितीतरी दिवस आमच्या नजरेसमोर होते. चामडी मोजा भिजला तर सावलीत, हाताचा आकार देऊन वाळवायचा असतो, म्हणजे तो कडक होत नाही. हे माहीत असलेली माणसं बागेत होती, पण कुणी त्या पेटीत डोकावलं नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच निघाली. मातीत काटा टोचला, तरी धनुर्वाताच्या लसीबद्दल काकूंना शेवटपर्यंत कुणीही विचारलं नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मूळ लसीकरण पूर्ण असलं तरी दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा लागते, आणि जखम मातीने माखलेली असेल तर शेवटच्या मात्रेला पाच वर्षं उलटली असली तरी डॉक्टर ती पुन्हा देतात. काकूंना शेवटची लस कधी घेतली ते आठवेना, घरात कागदही सापडला नाही. डॉक्टरांना विचारून त्यांनी ती घेतली. त्यानंतर बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लसीची तारीख त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहायला घेतली आहे. अजून अर्धी नावं रिकामी आहेत. त्यांच्यामागे लागणं चालू आहे.